'डेट'मधला मुका बी

कुणी म्हणतं की 'डेट' (डी-ई-बी-टी) म्हणजे कर्ज, या शब्दातला बी इंग्रज पूर्वी उच्चारायचे आणि पुढे तो गळाला. आहे नेमकं उलटं. मूळ लॅटिन 'देबितुम', म्हणजे जे देणं लागतं ते. फ्रेंचांच्या तोंडी त्यातला 'बि' आधीच झिजून गेला होता, त्यामुळे इंग्रजीत शब्द आला तोच बी-विना. मध्ययुगीन इंग्रजीत डी-ई-टी-टी-ई असं स्पेलिंग सापडतं. 15व्या-16व्या शतकात लॅटिनप्रेमी पंडितांनी मूळ दिसावं म्हणून बी परत घुसडला, पण फक्त कागदावर. लोकांची जीभ थोडीच बदलते! 'डाउट'मधला बीही असाच, 'दुबितारे'वरून आणलेला. 'रिसीट'मध्ये पी बसला, त्याच कुळातल्या 'डिसीट'मध्ये, म्हणजे फसवणुकीत, मात्र टिकला नाही.

'आयलंड'ची तर कमालच. शब्द अस्सल जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या मूळ कुळातला, लॅटिनशी काही संबंध नाही. पण लॅटिन 'इन्सुला'वरून आलेल्या 'आइल'चा (आय-एस-एल-ई, अर्थ बेटच) भाऊबंद समजून त्यालाही एस चिकटवला. इथे मूळ दाखवणं वगैरे काही नाही, निव्वळ चूक.

आपल्या 'डेबिट कार्डा'त तोच 'देबितुम' आहे, आणि तिथे बी खणखणीत वाजतो.