थकबाकी, शास्ती, दंड: तुमच्या घरी काय झालं?

ओवी:
मार्च जवळ आला की महापालिकांची वसुली पथकं फिरायला लागतात. कुठे कुठे तर थकबाकीदाराच्या दारात बँडसुद्धा वाजवतात. ठरवून बुडवणाऱ्यांसाठी हा धागा नाही. पैसे भरायची तयारी असून अडकलेल्यांसाठी आहे.

आमच्याकडचं सांगते. घर सासऱ्यांच्या नावावर. ते गेले, आम्ही दुसऱ्या गावी, आणि बिलं बंद घराच्या दाराखालून आत सरकत राहिली. घरपट्टीच्या थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24. घरकर्जालाही बँक एवढं व्याज लावत नाही. नाव बदलायला गेलो तर ‘आधी थकबाकी भरा’. भरायला गेलो तर नुसतं मुद्दल घेईनात, शास्तीसकट भरा म्हणाले. ती तोवर मुद्दलाच्या जवळ पोचली होती. माझ्या बांगड्या मोडल्या आणि भरलं.

तुम्हीही लिहा. कार्यालयाचं किंवा साहेबांचं नाव नको, नियम कुठला लावला ते मात्र जरूर लिहा.

तीनचाकी:
वडिलांची रिक्षा. पासिंगची (रिक्षा रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, या आरटीओ तपासणीची) तारीख उलटली की रोजचे 50 रुपये दंड. वडील तेव्हा दवाखान्यात आणि रिक्षा घराखाली ताडपत्रीत. एक रुपयाचा धंदा नाही, पण दंड रविवारीसुद्धा चालू. पासिंगला न्यायची तर विमा पाहिजे, विम्याला पैसे पाहिजेत, पैशाला रिक्षा रस्त्यावर पाहिजे! 2024 मध्ये संघटनांनी आंदोलनं केली, मग सरकारने हा दंड थांबवायची घोषणा केली. आम्ही त्याआधीच हातउसने घेऊन भरून बसलो होतो.

सरिवर:
माझं छोटंसंच आहे. मुलाच्या प्रवेशासाठी दाखले काढायचे होते. प्रतिज्ञापत्राला पूर्वी 100 चा मुद्रांक चालायचा, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा. दोन दाखले, दोन प्रतिज्ञापत्रं. वर टायपिंगवाला आणि नोटरी.

खिडकी_पाच:
सरिवर, जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, 2004 पासून. बऱ्याच ठिकाणी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्रही चालतं.

सरिवर:
हे तिथे कोणी सांगायला नको का? तहसीलच्या आवारात झाडाखाली टेबलं मांडून बसलेल्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. (ते कशाला सांगतील म्हणा.)

कोरडवाहू:
वडील शिक्षक होते. सहकाऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिले. स्टाफरूममध्ये नाही म्हणायची सोय नसते, आज मी तुला, उद्या तू मला. सहकाऱ्याने काही हप्ते भरले, नोकरी सोडली, गाव बदललं. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळवला आणि वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. आमचा समज असा की आधी कर्जदाराला धरतील, तिथे काही हाती लागलं नाही तर जामीनदाराकडे येतील. तसं काही नसतं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, आणि पगारपत्रकावर नाव होतं ते वडिलांचं.

त्या वर्षी माझी कॉलेजची फी मामाने भरली. वडील कधी एक शब्द बोलले नाहीत, फक्त पगाराची स्लिप घरी आणायचं बंद केलं. मधेच तो सहकारी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. आईने पाणी दिलं, चहा विचारला नाही. वडील लग्नाला गेले, आहेरही केला. आई त्यावरून कितीतरी दिवस धुमसत होती.

भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कायद्याने जामीनदाराला आहे. वकिलाने तसं सांगितलं आणि लगेच कोर्ट फीचा आकडाही सांगितला. वडील तिथूनच उठले.

मीटरबंद:
जुना फ्लॅट घेतला. वीज कायमची तोडलेली, थकबाकी आधीच्या मालकाची. म्हटलं माझा काय संबंध? पण नियमात तशी तरतूद असेल तर नव्या मालकाकडून ती मागता येते, सर्वोच्च न्यायालयानेही मे 2023 मध्ये हेच सांगितलं. नशीब एवढंच की 1 सप्टेंबर 2024 पासून महावितरणची अभय योजना आली, व्याज आणि विलंब आकार सुटला. घर घेणाऱ्यांनो, सातबारा आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघता तसं विजेचं बिलही मागून घ्या.

पदरचे_हजार:
आईचं पॅन आधारशी जोडायला 1,000 रुपये. लग्नानंतरचं आडनाव एकीकडे, माहेरचं दुसरीकडे, म्हणून जोडणी अडली. तोवर पॅन निष्क्रिय, आणि ठेवीच्या व्याजावर 20 टक्के कर कापला. तिचं उत्पन्न म्हणजे ते व्याज, दुसरं काही नाही.

जुना_कारकून:
वसुलीच्या टेबलावर नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. शिव्या घालायच्या तर घाला. वरून उद्दिष्ट येतं, 31 मार्चला आकडा द्यायचा असतो. मोठा थकबाकीदार कोर्टातून स्थगिती आणतो, त्याच्या फाइलीला हात लावता येत नाही. दोन खोल्यांवाला नोटीस मिळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. आकडा त्याच्याच जिवावर पुरा होतो. आणि अभय योजना आली की वेळेवर भरणारे आमच्या अंगावर येतात, तेही काही चुकीचं बोलत नाहीत.

ओवीताई, तुम्ही भरलंत त्यानंतर तुमच्याकडे योजना आली का?

ओवी:
आली ना. पुढच्याच वर्षी. शास्तीत 75 टक्के सूट.

तीनचाकी:
मग त्यांचे पैसे परत?

जुना_कारकून:
नाही. योजनेच्या तारखेआधी भरलं ते भरलं. मागणी मान्य नसेल तर अपील आहे, पण त्यासाठीही आधी मागणीची रक्कम भरावी लागते. अर्ज पडून असला तरी शास्ती थांबत नाही, म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाव बदलायचा आणि पत्ता बदलायचा अर्ज वेगवेगळे द्या. एकत्र दिलेत तर नावापायी पत्ताही अडकून बसतो आणि पुढचं बिल पुन्हा बंद घराच्या दाराखाली.