'पान लागलां' म्हणजे काय, आणि केस पेपरवर काय लिहायचं?

मी मूळची लातूरकडची. जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झाल्यावर दोन महिन्यांपूर्वी सिंधुदुर्गात एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत लागले. मराठीच आहे म्हणून बिनधास्त आले होते पण इथली लोकं काय म्हणायलेत ते पहिले आठ दिवस अर्धं डोक्यावरून गेलं. परवा नाईटला एका आजोबांना त्यांच्या मुलानं पाठीवर टाकून आणलं, म्हणाला "पान लागलां". मला वाटलं आपल्याकडे सुपारी लागते ना, घाम फुटतो, गरगरतं, तसंच काहीतरी असेल, म्हणून मी नोट्समध्ये लिहून मोकळी की पान खाल्ल्यावर त्रास, आणि बीपीचा पट्टा बांधायला घेतला. इनचार्ज सिस्टर मागून आल्या, पेपर वाचला आणि काही न बोलता आजोबांच्या पायावरची चादर काढली. घोटा टम्म. साप! आजोबा बरे आहेत आता, पण मला अजून झोप नाही. हा शब्द सगळीकडे आहे का फक्त कोकणात? आणि असं कुणी बोललं तर नोट्समध्ये त्यांचाच शब्द लिहायचा का इंग्लिश करून?

———

अगो, पान लागणं म्हणजे साप चावणंच. आमची आजी दिवेलागणीनंतर साप हा शब्द तोंडातून काढायची नाही, जनावर म्हणायची, लांबडं म्हणायची. नाव घेतलं की येतो म्हणे. मालवणीत किरडू. आणि गंमत त्या 'लागणं'ची बघ, ठेच लागली, नजर लागली, कोयती लागली, पान लागलं, सगळीकडे करणारा गायब. बोलायला सोयीचं आहे पण तुमच्या कागदावर अडचणच की, कोयती स्वतःच्या हातून लागली का दुसऱ्यानं मारली हे त्या वाक्यात कुठंच नाही.

———

कोयतीचं वरच्यांनी बरोबर सांगितलं, एमएलसीत, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या केसमध्ये, हमखास हेच होतं. मी मालवणची, कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते. पेशंटचा शब्द आहे तसा अवतरणात लिही, कोण बोललं तेही लिही, पेशंट का नातेवाईक. त्याच्या शेजारी तू डोळ्यांनी काय बघितलंस ते. दोन्ही वेगळं ठेव. तुझी चूक शब्द न कळण्याची नाही हो, न कळलेल्या शब्दाचं तू भाषांतर करून टाकलंस ही आहे. "म्हणजे काय झालं?" एवढं विचारायला कसली लाज?

पान लागलेल्याच्या नोटमध्ये चावल्याची वेळ, कुठे चावलं, दोरी बांधलीय का, गावठी औषध लावलंय का, आणि सूज कुठवर आलीय तिथे पेनाने रेघ मारून बाजूला वेळ. इथे फुरसं फार, कातळावर दगडाखाली असतं, त्याच्या विषाने रक्त गोठत नाही म्हणून कोऱ्या काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. ती ट्यूब किती वाजता ठेवली हे लिहिलं नाहीस तर पुढची सिस्टर काय बघणार? आणि मण्यार चावली तर खूण दिसेलच असं नाही, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून येतो, पापण्या जड. तिथे नुसतं 'पोटदुखी' लिहून थांबू नको.

दुसरा शब्द घेरी. "माका घेरी येता" रोज ऐकशील. आपण लगेच गिडीनेस लिहितो आणि विषय संपला! पण घर फिरतंय, डोळ्यापुढे अंधारी येते, चालताना तोल जातो आणि भोवळ येऊन पडलो या चार वेगळ्या गोष्टी आहेत, मराठीत चारही शब्द आहेत, इंग्लिश लिहायच्या नादात आपणच त्यांचा एक करून टाकतो. घेरी लिही आणि पुढे विचारून काय ते लिही. "छातीत गॅस धरलो" म्हणाले तर मात्र शब्दचर्चा नंतर, आधी ईसीजी, आल्यापासून 10 मिनिटांत.

आणि दारू प्यायलाय असं लिहू नको कधी. तोंडाला वास येतोय, जीभ अडखळतेय, एवढंच. शुगर उतरलेला माणूसही तसाच बरळतो.

———

सिस्टर तुमचं पटतंय पण एक अडचण. आमच्याकडून पेशंट गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला नाहीतर कोल्हापूरला रेफर होतात, तिथल्या डॉक्टरला 'पान लागलां' वाचून काय कळणार? तोही सुपारीच समजायचा!

———

म्हणून तर शेजारी लिहायचं म्हटलं ना! "पान लागलां", मुलगा सांगतो, अर्थ साप चावला, विचारून खात्री केली. एक ओळ जास्त जाते. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देतानासुद्धा तीच ओळ वाचून दाखव.

———

थँक्यू ताई, खरंच. आता खिशातल्या वहीत शब्द लिहायला लागलेय. कालचाच किस्सा, एक काका आले, हात मोडलेला, म्हणाले "माडावरसून दोन पुरुष खाली पडलंय". आणि मी त्यांना विचारलं, दुसरा पेशंट कुठाय? वॉर्डबॉय अजून हसतोय. मग कळलं विहिरीची खोली मोजतात तो पुरुष, माणसाएवढी उंची. मी "दोन पुरुष" लिहून शेजारी अंदाजे 11 फूट लिहिलंय. बरोबर आहे ना? का इथला पुरुष अजून उंच असतो?