दर शनिवारी बाहेर पडणाऱ्या जोडप्यांचं चुकतं तरी काय?

वाकडची सूनबाई :
सोसायटीच्या ग्रुपवर एका ज्येष्ठांची लांबलचक पोस्ट फिरतेय. सार असं : 'आमच्या वेळी लग्नानंतर एकदा महाबळेश्वर झालं की संपलं. आताची जोडपी दर शनिवारी गाडी काढतात, महिन्याच्या महिन्याला केक कापतात, घरात चूल पेटत नाही आणि आईवडील वाट बघत बसतात.' खाली शाबासकीची रांग लागलीय. सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहिते.

आम्ही दोघंही हिंजवडीत. माझी शिफ्ट सकाळची, त्याची दुपारची. सोमवार ते शुक्रवार आमचा संसार फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतो : 'दूध घेतलंय', 'गॅस नोंदवला', 'आईंची बीपीची गोळी संपत आलीय'. शनिवारी गाडीत बसलो की खंबाटकी चढेपर्यंत आठवडाभराचं भांडण उरकतं आणि सुरूर फाट्याला वाईकडे वळताना आम्ही पुन्हा माणसात आलेलो असतो. मेणवलीच्या घाटावर बसायला कोणी पैसे घेत नाही. लग्नाचा वाढदिवसही आम्ही तिकडेच केला, एका घरगुती खानावळीत. भरलं वांगं, खर्डा आणि तव्यावरून थेट पानात पडणारी ज्वारीची भाकरी. तिचा पापुद्रा उचलून नवरा आत तूप सोडतो आणि पहिला घास मला देतो. ही चैन असेल तर मला ती हवीय. आणि सासूबाईंना आम्ही दर वेळी विचारतो. त्यांचं उत्तर ठरलेलं : 'तुम्ही जा, माझी भिशी आहे.'

शनिवारपेठी :
ताई, ती पोस्ट मी लिहिलेली नाही, पण शब्द न् शब्द पटला. तुमच्या सासूबाईंना भिशी आहे, सगळ्यांना नसते. हिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मुलाला महिनाभर आधी कळवली होती. तो म्हणाला, रिसॉर्टचं बुकिंग रद्द होत नाही. दवाखान्यात रात्री शेजारचा मुलगा थांबला. तुम्ही दोघं घाटावर बसा, माझं काही म्हणणं नाही, पण घरातल्यांशी बोलायला तेच दोन दिवस असतात हे विसरू नका.

वाकडची सूनबाई :
काका, वाचून वाईट वाटलं. तुमच्या मुलाने थांबायलाच हवं होतं. पण त्याचा हिशेब माझ्याकडे का मागता?

तुंगार्ली :
आम्ही लोणावळ्याचे, आमचंही ऐका. शनिवार-रविवार आम्ही घराबाहेर पडत नाही, कारण पडताच येत नाही. भाजी शुक्रवारी आणून ठेवायची. वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा ॲम्ब्युलन्स भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या रांगेत अडकली. पुढच्या गाडीतली मुलं टपावर बसून गाणी लावत होती. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर बंदीचे आदेश निघाले, फलक लागले, आणि लोक फलकाशेजारी उभे राहून फोटो काढतात. जोडप्यांना बोलायचंय ना? घरच्या गच्चीत बोला.

दोन आडनावं :
तुमचा त्रास खरा आहे, पण गर्दी जोडप्यांचीच का? कुटुंबंही येतात, कंपन्यांच्या सहलीही येतात. जोडप्यांना वेगळाच जाच असतो. मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही. अलिबागजवळच्या एका लॉजवर काउंटरवरच्या माणसाने दोघांची आधार कार्डं हातात घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, 'लग्नाचा दाखला आहे का?' ओळखपत्र मागा, रजिस्टरमध्ये नोंद करा. पण नवरा-बायकोनेच खोली घ्यावी असा कायदा नाही आणि बायकोने आडनाव बदलावं असाही नाही. रात्री दहाला आम्ही दुसरी जागा शोधत फिरत होतो.

देवबाग :
माझा तारकर्लीजवळ होमस्टे आहे. आमच्याकडे लग्नाचा दाखला कोणी मागत नाही, दोन आडनावांनी खुशाल यावं. माझी तक्रार निराळी. जुलैत जोडपी येतात, सामान ठेवायच्या आधी विचारतात, 'ताजी सुरमई आहे ना?' अहो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ६१ दिवस. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. मी 'नाही' म्हटलं की चेहरे पडतात आणि घरी जाऊन लिहितात, 'यजमान चांगले, जेवणाने निराशा.'

दादरचा मासेखाऊ :
मग रस्त्यारस्त्यावर 'ताजी मासळी' असे फलक का? गेल्या आषाढात मालवणात सुरमई थाळीचे भरपूर पैसे मोजले. तुकडी तोंडात घातली तर भुसा. बायकोच्या वाढदिवसाचं जेवण होतं ते. दोष गिऱ्हाइकाचा की फ्रीजरमधलं विकणाऱ्याचा? आणि बंदी यांत्रिक नौकांना असते, बिगरयांत्रिक होड्यांना नाही. अर्धं सांगू नका.

देवबाग :
होड्यांना बंदी नाही हे बरोबर. पण जुलैच्या लाटांत होडी घालणार कोण? तुम्ही येता का वल्हवायला? माझा काका पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी गेला तो परत आला नाही. आमच्या घरात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. तुमच्या एका वाढदिवसासाठी मोडायची का ही रीत?

दादरचा मासेखाऊ :
तुमच्या काकांबद्दल खरंच वाईट वाटलं. होडी घाला असं मी म्हटलंच नाही. मी फलकाबद्दल विचारलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

शनिवारपेठी :
विषय आईवडिलांचा होता. तुम्ही सुरमईवर आलात.

देवबाग :
काका, जरा थांबा, हा माझ्या पोटाचा विषय आहे. फलक चुकीचे आहेत. मान्य. माझ्या शेजाऱ्यानेही लावलाय आणि त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. पण तो सांगतो, 'गोठवलेली लिहिलं तर गिऱ्हाईक पुढच्या दारात जातं,' आणि तेही खरं आहे. तुम्ही लोकांनी मागणं सोडा, फलक आपोआप उतरतील.

दोन आडनावं :
दादा, मग जुलैत आलो तर मागायचं काय? मासेमारी बंद असताना तुमच्या घरी काय शिजतं?

देवबाग :
हे कोणी विचारतच नाही! कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, काटे काढून कुस्करायचा, त्यात चिरलेला कांदा, ओलं खोबरं, मिरची, वरून कच्चं खोबरेल. टाकळ्याची कोवळी भाजी, फणसाच्या आठळ्या घालून सुका जवळा. खाडीतल्या कुर्ल्या मिळाल्या तर तिखलं. शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. आई हे जेवण पाहुण्यांना वाढायला लाजते, कारण तुम्ही सुरमई मागता. बोटी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येत नाही, पाण्यातले खेळ बंद, म्हणून पाहुणे वैतागतात. पडवीत बसा की दोघं. पाऊस बघायला पैसे लागत नाहीत.

दादरचा मासेखाऊ :
सुका बांगडा घरी भाजला तर आमच्या बिल्डिंगची मीटिंग बसते. एवढ्यासाठी यायला तयार आहे. पण ताजी म्हणून गोठवलेली विकणं ही फसवणूकच, तिथून मी हलणार नाही.

तुंगार्ली :
सगळे पडवीत बसणार असाल तर माझी हरकत नाही. लोणावळ्यात कोणी बसत नाही, सगळ्यांना धबधब्याखालीच उभं राहायचं असतं.

शनिवारपेठी :
सूनबाई, फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांचं पुन्हा वाचलं. आम्ही दोघं नोकरीला होतो, पण साडेसहाला घरी असायचो आणि चहा एकत्र व्हायचा. तुमच्या वाट्याला तो चहा नाही, हे मानतो. तरी रद्द न होणारं बुकिंग आईच्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठं कसं, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

वाकडची सूनबाई :
कोणी समजावू शकणारही नाही काका, कारण ते मोठं नव्हतंच. पण तो प्रश्न मुलाला विचारा, ग्रुपवर सगळ्या जोडप्यांना नको. पुढचा शनिवार आमचा ठरलेला आहे आणि आम्ही जाणार आहोत. देवबागवाले दादा, ऑगस्टच्या सुट्टीत दोन खोल्या लागतील. सासूबाईंनी कुळथाच्या पिठीचं वाचलंय आणि भिशी पुढे ढकलतेय म्हणाल्या.

देवबाग :
खोल्या ठेवतो. घाट गगनबावड्याचा घ्या की फोंड्याचा, पण उजेड असताना उतरा. सुरमई तेव्हाही मिळेलच असं नाही, आताच सांगून ठेवतो.