मदत हवी आहे: बालीत आईसाठी कोणता किनारा निवडू?

नमस्कार मंडळी, आम्ही जळगावचे. मे महिन्यात बालीला निघालोय, सोबत ६८ वर्षांची आई. जन्म तापीकाठी गेला, समुद्रात पाय बुडवायची तिची फार इच्छा. कुटाच्या लाटांना ओढ जोरदार, म्हणून तो सोडला. सानूरला प्रवाळामुळे पाणी शांत, पण ओहोटीला ते फार आत जातं. उत्तरेच्या लोव्हिनाला ज्वालामुखीची काळी वाळू. आपल्या खान्देशची काळी मातीही लाव्हाच्याच खडकाची, म्हणून आईला ती हातात घेऊन बघायचीय! पण विमानतळापासून डोंगर ओलांडून तीनेक तासांचा गाडीप्रवास. तिचे गुडघे दुखतात, झेपेल का? दुपारी त्या वाळूचे पायाला चटके बसतात का? वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर नक्की सांगा, तिकिटं काढून झालीत.