एसी एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला कोमट – मदत हवी आहे

मंडळी,
गाडी २००६ ची सेडान, दोन्ही सीटचं तापमान वेगळं ठेवता येतं अशी. हल्ली ड्रायव्हरकडे झकास गार हवा येते, शेजारी मात्र कोमट. दोन्हीकडे सेटिंग कमीत कमी ठेवून जाळीत थर्मामीटर खोचला: ड्रायव्हरकडे ८ अंश, शेजारी १७. शेजारी आई बसते, तिला उकाडा अजिबात सोसत नाही, म्हणून लवकर मार्गी लावायचंय.

हवेचा जोर दोन्हीकडे सारखाच आहे. कंप्रेसरचा (एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच मात्र हल्ली सारखा लागतो-सुटतो. गॅरेजवाले म्हणतात, डॅशबोर्ड उघडून ब्लेंड डोअरची, म्हणजे गार-गरम हवा मिसळणाऱ्या झडपेची, मोटर बदलू. इतक्या जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा उघडताना हमखास तुटतात आणि मग खडखड कायमची मागे लागते, त्यामुळे आधी खात्री हवी. शेजारचं सेटिंग गरमवर नेलं की तिकडची हवा लगेच गरम होते, म्हणजे झडप हलतेय. मग नुसता एसीचा गॅस कमी झाल्याने एकाच बाजूला फरक पडेल का?

प्रतिसाद:
पडतो की! गॅस कमी असला की इव्हॅपोरेटरच्या (डॅशबोर्डमागे हवा गार करणाऱ्या कॉइलच्या) सुरुवातीच्या भागातच त्याची सगळी वाफ होते, पुढचा भाग गार होतच नाही. त्या भागावरून येणारी हवा ज्या बाजूला जाते ती बाजू कोमट. क्लचचं लागणं-सुटणंही त्यातलंच. डॅशबोर्डला इतक्यात हात लावू देऊ नका.

एक फुकटची चाचणी करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना एसी लावा. आधी दोन्ही बाजू सारख्या गार आणि इंजिन तापल्यावर शेजारची कोमट झाली, तर झडप नीट मिटत नाहीये, हीटरची हवा मिसळतेय. पहिल्यापासूनच फरक असेल तर गॅसवर संशय घ्या.

गॅस आपोआप संपत नाही, कुठेतरी गळतो. कंडेन्सरवर (रेडिएटरपुढे गॅस थंड करणाऱ्या कॉइलवर) आणि पाइपांच्या जोडांवर धूळ चिकटलेला तेलकट डाग शोधा. आधी गळती काढा, मग व्हॅक्यूम करून (पंपाने आतली हवा काढून) बॉनेटखालच्या स्टिकरवर आहे तेवढ्याच वजनाचा गॅस भरून घ्या. अंदाजाने टॉप-अप नको. गॅस जास्त झाला तरी गारवा जातो.

धागाकर्ता:
आज सकाळी करून पाहिलं. फरक पहिल्यापासूनच आहे. कंडेन्सरच्या खालच्या जोडावर बोटाला तेल लागलं. आता गॅरेजमध्ये आधी तो जोड दाखवतो. तिथलं ओ-रिंग (रबरी कडं) बदलून भागेल, की कंडेन्सरच बदलावा लागेल?