मोठ्या आतड्याचा कर्करोग: मिथाइलेशन चाचणी कोलोनोस्कोपीला पर्याय आहे का?

अनुस्वार (धागाकर्ता):
पेशी बिघडू लागते तेव्हा काही जनुकांच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटतात आणि ती जनुकं गप्प होतात; हेच मिथाइलेशन. डीएनएची अक्षरं मात्र तीच राहतात. सेप्ट९ जनुकावरची ही खूण रक्तात शोधणारी चाचणी अमेरिकेच्या एफडीएनं २०१६ मध्ये मंजूर केली. लक्षणं नसलेल्या लोकांवरच्या प्रेसेप्ट अभ्यासात तिनं जेमतेम ४८ टक्के कर्करोग पकडले, म्हणजे निम्म्याहून जास्त निसटले! कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासताना, पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची वाढ) दिसला की तिथल्या तिथे काढता येतो. या रक्तचाचणीला पर्याय म्हणणं मला तरी पटत नाही.

चौकस:
एकाच जुन्या चाचणीवरून निकाल लावताय. शौचाच्या नमुन्यात एनडीआरजी४ आणि बीएमपी३ या जनुकांचं मिथाइलेशन, केआरएएस जनुकातले बदल आणि हिमोग्लोबिन एकत्र पाहणाऱ्या चाचणीनं २०१४ च्या अभ्यासात ९२ टक्के कर्करोग पकडले. शौचात फक्त रक्ताचा अंश शोधणाऱ्या फिट या चाचणीनं ७४. आणि कोलोनोस्कोपीला लोक येतात कुठे? युरोपातल्या नॉर्डआयसीसी अभ्यासात बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले. जी तपासणी झालीच नाही ती काय डोंबल पकडणार?

अनुस्वार:
शौच-चाचणीच्या त्या २०१४ च्याच अभ्यासातला दुसरा आकडा सोयीस्कर गाळलात. आतड्यात गंभीर काही नसलेल्या हजार जणांमागे तुमच्या चाचणीत १३४ पॉझिटिव्ह, फिटमध्ये ५१. त्या सगळ्यांना शेवटी कोलोनोस्कोपीच!

पेशीबाई:
दोघंही रक्त आणि शौच एकाच मापानं मोजताय. पॉलिपच्या पेशी थेट शौचात झडतात; रक्तात त्यांचा डीएनए नगण्य येतो, त्यात मिथाइलेशन ओळखण्यासाठी डीएनएवर करायच्या बायसल्फाइट या रसायनाच्या प्रक्रियेत बराच तुटून वाया जातो. शिवाय वयानुसार मिथाइलेशन आपोआप वाढतं, म्हणून म्हाताऱ्यांत खोटे पॉझिटिव्ह जास्त. २०२४ मध्ये मंजूर झालेली शील्ड ही रक्तचाचणी बघा: कर्करोग ८३ टक्के पकडते. पण पुढे कर्करोग होऊ शकणारे मोठे पॉलिप? सेप्ट९ ला ११ टक्के सापडत होते, शील्डला १३.

चौकस:
पॉलिपचं मान्य. पण सेप्ट९ ची मंजुरीच मुळी इतर तपासण्या टाळणाऱ्यांसाठी होती. त्यांच्यासाठी ४८ ची तुलना शून्याशी करायची.

अनुस्वार:
त्यांच्यापुरतं असेल तर माझी ना नाही. पण उद्या फिट करायला तयार असलेला माणूसही 'सुईवर भागतंय ना' म्हणून तिकडे वळला, तर त्याचे पॉलिप कोण काढणार?