'मिनिफाइड कोड'ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एक शब्द अडलाय. जळगावात आम्ही तिघं-चौघं मिळून ओपन सोर्स लायसन्सची माहिती सोप्या मराठीत लिहितोय, त्यात मिनिफाइडला, म्हणजे वेबचं पान लवकर उघडावं म्हणून मशीनने आवळून लहान केलेल्या प्रोग्रॅमच्या कोडला, मी "संक्षिप्त कोड" लिहिलं. एक जण म्हणे मग तो सोर्सच (माणसाने लिहिलेला मूळ कोड) झाला की, थोडक्यात दिलेला. पटत नाही, पण दुसरा शब्दही सुचेना.

▸ संक्षिप्त नकोच भाऊ. संक्षिप्त म्हणजे माणसाला वाचायला सोपं केलेलं, आणि हे तर पान लवकर उघडावं म्हणून मशीनने केलेलं. परवा बिलिंगची एक फाइल उघडली तर सगळं एकाच ओळीत, एकूण रक्कम जिथे असायला हवी तिथे नुसतं टी, सवलतीला एन, कॉमेंट (वाचणाऱ्यासाठीची टीप) एकही नाही. चालते व्यवस्थित, पण कराचा दर बदलायचा तर हात कुठे घालायचा? मी "दळलेला कोड" म्हणेन. कळण्याच्या पिठासाठी ज्वारी-उडीद दळून आणले की त्याची भाकरी होते, ते पेरता येत नाहीत. आजी दळणाला दयन म्हणायची, अहिराणीत ळ चा य होतो ना.

▸ ताई, दळलेला एकदम बरोबर. पण सोर्सला "स्रोत" म्हटलं तरी घोळ होतो, वाटतं की कुठून आलं तेवढं सांगितलं की झालं. १९९१ च्या जीपीएल या लायसन्सच्या आवृत्ती २ मध्ये सोर्स म्हणजे बदल करायला जे रूप पसंत केलं जातं ते, म्हणून नुसती दळलेली फाइल देऊन जीपीएलची सोर्स द्यायची अट पुरी होत नाही. एमआयटी लायसन्समध्ये मात्र सोर्स द्यायची सक्तीच नाही, कॉपीराइटची सूचना आणि परवानगीचा मजकूर ठेवला की पुरे. तरी जेक्वेरीवाले (वेबसाइटसाठीची तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी) एमआयटी असून दोन्ही फाइली देतात, मूळ साधारण २८० केबी, दळलेली ९० च्या आत, मला हे फार आवडतं.

▸ आणि दळलेली फाइल फॉरमॅटरमधून, म्हणजे कोड नीट ओळींत मांडणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढली तर?

▸ ओळी सुटतात, नावं आणि कॉमेंट परत येत नाहीत. सोबत सोर्स मॅप (दळलेल्यातलं काय मूळ कोडात कुठे होतं ते सांगणारी फाइल) असेल आणि त्यात मूळ मजकूर भरलेला असेल तर गोष्ट वेगळी.

▸ मग ठरलं, "मूळ कोड" आणि "दळलेला कोड". पहिल्यांदा येईल तिथे मिनिफाइड पण लिहितो, लोक शोधताना तोच शब्द टाकतात.